धाकटी माळ

आणि वर तिला तेल लावून ठेवलंत, आण्णा. तेल लावून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, सुतळीनं बांधून, खरी बंदूक बांधायचात तशी. दीड वितीची पत्र्याची खेळण्यातली बंदूक आणि तिची एवढी बडदास्त. माझ्या लेकाची बंदूक मात्र तुम्ही पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचलीत, जत्रेची माणसं पंगतीला बसलेली असताना, भरल्या घरात. तेव्हा मी तुमच्या बाजूनं उभी राहिले. रडतो म्हणून पोराला वरून मीच आणखी एक लगावली. आज तो एकतीस वर्षांचा आहे आणि अजून ते विसरलेला नाही. मला आधी हे सांगा, मला येडी समजत होता का तुम्ही?

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्यावर कधी रागावले नव्हते. लोक बापाच्या नावानं खडे फोडतात, मी नाही फोडले. चौथीतून शाळा काढलीत, तरी नाही. भुकुमला दिलंत, सासू कशी निघाली ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी नाही. कारण मला वाटायचं, माझा बाप एका शब्दाचा माणूस आहे. जे भावाला तेच बहिणीला. हे पत्र मी नातीच्या दुरेघी वहीत लिहितेय. अक्षर खालीवर जातंय, जाऊ द्या. तुम्हाला वाचायला थोडंच यायचं. तुम्ही वहीवर बोट ठेवून मला वाचायला लावायचात आणि मी चुकीचं वाचलं तरी मान डोलवायचात.

कुठून सुरू झालं ते सांगते. त्या वर्षी गणपती उठले होते, पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता, अंगणात घोट्याएवढा चिखल. मी चौथीत होते आणि धाकटा भाऊ सहा वर्षांचा. निरगुडीची वाकडी काठी हातात घेऊन मी त्याच्यावर रोखली आणि म्हणाले, ठो. एवढंच. तुम्ही वैरणीचा भारा घेऊन मागनं येत होतात, ते मला दिसलं नाही. भारा टाकलात आणि माझ्या कानशिलात अशी दिलीत की कानातलं डूल उडून चिखलात गेलं. तुमचा आवाज मोठा नव्हता, ते मला जास्त लागलं. तुम्ही म्हणालात, "माणसावर रोखायची न्हाई. लाकडाची असली तरी न्हाई. हितं घरात खरी टांगलीया, त्या हाताला सवय लागली तर मग काय करायचं?" आणि जरा थांबून म्हणालात, "पोरीनं तर न्हाईच न्हाई." मग तुम्हीच त्या चिखलात बसलात, डूल शोधायला. दोन्ही हातांनी चिखल चिवडत होतात. आई म्हणाली, राहू द्या, उजेडात बघू, तरी उठला नाहीत. डूल सापडलं, ते धोतराला पुसून माझ्या कानात घातलंत. त्या एका डुलापायी मी तुमचं सगळं खरं मानलं, आयुष्यभर.

खरी बंदूक म्हणजे ती ठासणीची. पिकाच्या रखवालीचा परवाना होता तुमच्याकडं. भात ओंबीवर आलं की रानडुकरं उतरायची आणि तुम्ही बांधावरच्या खोपीत बसायचात. तुम्ही डुकरं किती मारलीत ते मला माहीत नाही, बहुतेक आवाजच काढत असाल. पण घरात ती बंदूक म्हणजे देव होती. माजघरात दोन खुंट्यांवर आडवी, दस्ता दाराकडं आणि नळी कोपऱ्याकडं. इलेक्शन आलं की ती चौकीत जमा करायची, आणि ती जमा असेपर्यंत तुमचं जेवणावर लक्ष नसायचं. खुंट्यांकडं बघत घास घ्यायचात. खंडेनवमीला ती खाली उतरायची. तुम्ही तिला तेल पाजायचात, चिंधीनं नळी पुसायचात आणि दसऱ्याला पाटावर मांडायचात. कोयता, विळे, फाळ, पहार आणि मधोमध बंदूक. झेंडूच्या माळा ओवायचं काम माझं होतं. मोठ्या माळा पाच आणि एक धाकटी, वीतभर. पहिल्या वर्षी मी तुम्हाला विचारलं, धाकटी कशाला? तुम्ही म्हणालात, सुरीला. लग्न होऊन जाईपर्यंत दर दसऱ्याला मी ती धाकटी माळ ओवली, सुरीला म्हणून. बारीक फुलं निवडून ओवायचे, सुरी लहान असते ना. मांडायला मात्र तुम्ही कुणाला जवळ येऊ द्यायचा नाहीत.

आता मागच्या आठवड्यातलं सांगते. तुमच्या त्या एका शब्दापायी मी काय करून बसलेय ते आधी ऐका.

माझी नात चार वर्षांची आहे. माझ्या लेकाची मुलगी. तो हिंजवडीला कंपनीत जातो, सूनही जाते. सकाळी आठला दोघं बाहेर पडतात, मग घरात मी आणि ती. वरच्या खोल्या भाड्यानं दिल्यात, तिथली पोरं दिवसभर मोबाइलमध्ये माणसं मारतात. कुणाची मुंडकी उडतात, कुणी गाडीतनं पडतो. त्याला कुणी काही म्हणत नाही. मी मात्र माझ्या घरात बंदूक येऊ दिली नाही. लेक लहान होता तेव्हा दिवाळीत शेजारची पोरं टिकल्यांच्या बंदुका घेऊन पळायची आणि हा उंबऱ्यात बसून टिकल्या दगडानं फोडायचा. एकेक टिकली ठेवायची, दगड मारायचा, पुढची ठेवायची. मी म्हणायचे, बघा, माझा पोरगा किती शहाणा. आज ते डोळ्यासमोर येतं तेव्हा तो शहाणा दिसत नाही.

तर मागच्या सोमवारी तो येताना भली मोठी बंदूक घेऊन आला. निळी आणि केशरी, प्लास्टिकची, स्पंजाच्या गोळ्यांची. नातीला दिली. मी मनात म्हटलं, जेवण होऊ दे, मग बघू. दुसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते. तेवढ्यात पोरगी समोर येऊन उभी राहिली, एक डोळा बारीक केला, बंदूक माझ्यावर रोखली आणि म्हणाली, "आजी, हात वर कर." हातात सूप होतं, मी हात कसले वर करणार. तिनं गोळी मारली. स्पंजाची गोळी, कपाळाला लागली आणि तांदळात पडली. लागलं काहीच नाही. पण माझ्या अंगावर असा काटा आला की मी उठले, बंदूक हिसकली आणि परसातल्या बंबात घातली. बंब पेटलेलाच होता. प्लास्टिकचा काळा धूर निघाला, वरचे भाडेकरू खाली आले, काय जळतंय म्हणून. पोरगी रडली नाही. बंबाकडं बघत राहिली. मी तिच्यासमोर बसून तुमचं वाक्य म्हटलं, जसंच्या तसं. माणसावर रोखायची नाही, खोटी असली तरी नाही. पोरीनं तर नाहीच.

संध्याकाळी सून काही मोठ्यानं बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आई, काढून ठेवायची होती. जाळायची कशाला?" आणि मग म्हणाली, "आणि पोरीनं तर नाहीच, हे तिला कुणी सांगितलं? ती मला विचारतेय, पोरीनं का नाही." मी म्हटलं, माझ्या बापानं सांगितलंय. लेक तेव्हा बूट काढत होता. एक बूट पायात तसाच ठेवून तो म्हणाला, "आजोबांनी माझी ठेचली, तू तिची जाळलीस. मी कुणाकडं बघायचं?" मी म्हटलं, लहान पोरांच्या हातात असलं देऊ नये, हाताला सवय लागते. तो म्हणाला, "मला कुठली सवय लागली ते सांग. मला फक्त तुझ्यापासनं लपवायची सवय लागली." मग खाली बघत बोलला, "ती मी तिला न्हवती आणली, आये. माझ्यासाठी आणली होती. तिच्याबरोबर खेळणार होतो." एवढा मोठा माणूस, दाढी पांढरी व्हायला लागली.

त्याचं म्हणणं झालं ते असं. दुसरी बंदूक येणार. दसऱ्याला त्याची बाइक, सुनेचा लॅपटॉप, माझा विळा, सगळं पाटावर मांडतो, तिथं पोरीची बंदूकही मांडणार. मी तिला हात लावला नाही तर बरं. लावला तर ते दोघं हिंजवडीला टॉवरमध्ये फ्लॅट बघतील, तिथलं भाडं भरावं लागलं तरी चालेल. पोरीला पाळणाघरात टाकतील. हे त्यानं भांडून नाही सांगितलं, कंपनीच्या गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. मला वाटलं, करू दे काय करायचं ते. माझ्या पाठीशी माझा बाप आहे. आई गेली, नवरा गेला, एवढा एक शब्द राहिला होता मला धरायला.

आणि परवा धाकट्याचा फोन आला, घरावर स्लॅब टाकायचाय, माळा रिकामा करतोय, ये, तुझं काही असलं तर घेऊन जा. मी गेले. पौडपर्यंत एसटी, पुढं त्याचा मुलगा गाडी घेऊन आला. माळ्यावर माझं काय असणार, आईचा एक तांब्या आणि चाळण. तुमची पत्र्याची पेटी मात्र तिथं होती. तिच्यात परवान्याचं पुस्तक, बंदुकीच्या दारूची रिकामी डबी, केपांची डबी आणि ते फडकं. सोडलं तर आत पत्र्याची बंदूक. लाल रंग उडालेला, घोडा गुळगुळीत, तेलानं चकचकीत. नळीला सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या, भुगा झालेल्या. आणि वीतभर दोरा. मी तो दोरा ओळखला, आण्णा. तिरंगी सुतळीतला पांढरा पदर वेगळा काढून मीच वळायचे तो.

धाकटा हसायला लागला. म्हणाला, "अगं आक्के, ती माझी हाय. आण्णांनी पुण्यावरनं आणली होती." मी विचारलं, कधी? म्हणाला, "तू चौथीत असशील. दसऱ्याच्या आधी. दारू आणायला गेलते तवा." मग बसून सगळं रंगवून सांगायला लागला, मी हसेन म्हणून. तुम्ही त्याला गोठ्यात न्यायचात. टिकल्या भरून द्यायचात. तो रोखायचा आणि तुम्ही छाती धरून पेंढ्यात पडायचात, मेलो मेलो करत. तो जवळ आला की उठून त्याला धरायचात. परत मरायचात. एकेका दुपारी चारचार वेळा मरायचात. "आण्णा लई झकास मरायचे," म्हणाला. "आन म्हणायचे, आक्काला दावू नगंस." मला तो चिखल आठवला आणि कानशिलावरची तुमची बोटं. माझ्या हातातली काठी पाप होती आणि त्याच्या हातातल्या बंदुकीपुढं तुम्ही पेंढ्यात मरत होतात. सहा वर्षांच्या पोराकडून स्वतःच्या छातीवर नेम धरून घेत होतात. आणि तिची पूजा व्हायची दर दसऱ्याला, मोठ्या बंदुकीच्या मागं झेंडूत लपवून. माळ कोण ओवायचं? मी. सुरीला म्हणून.

मी धाकट्याला विचारलं, मग माझ्या पोराची का ठेचली? तो म्हणाला, तू बघत होतीस ना. मला आता आठवतं. वरवंटा उचलायच्या आधी तुम्ही माझ्याकडं बघितलं होतं. मला वाटलेलं, माझी परवानगी मागताय. आता वाटतं, मी समोर होते म्हणूनच ती ठेचली गेली. माझ्यापुढं तुमचा शब्द तुम्हाला सांभाळायचा होता. म्हणजे माझ्या पोराची बंदूक खरं तर माझ्यापायी गेली.

पण एवढ्यावर संपलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. दोन शिव्या हासडून गप्प बसले असते. धाकटा पुढं बोलला ते मला खाली बसवणारं होतं. मी म्हटलं, तुलाच का दिली? तो म्हणाला, "त्यांना वाटलं, मी खरी काढली होती भिंतीवरनं. एक दिवस येऊन बघतात तर नळी दाराकडं आन दस्ता कोपऱ्याकडं. मला लई विचारलं. मी हातच लावला न्हवता, आईशपथ. पण मारलं न्हाई त्यांनी. म्हणाले, लेकराचा जीव खेळायला मागतोय, त्याला खोटी दिली म्हंजे खरीच्या वाट्याला जायचा न्हाई. दोन दिसांनी ही घेऊन आले. मग मी कशाला सांगतोय, की मी न्हवतो म्हणून." आणि हसला. पन्नाशी उलटली त्याची, तरी त्या वेळी वाचल्याचं हसू तसंच आहे.

मी हसले नाही. तांब्या पिशवीत घातला. त्यानंच ती बंदूक फडक्यासकट माझ्या पिशवीत टाकली, म्हणाला ने, तुझ्या नातीला दे. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आता ती माझ्या तांदळाच्या डब्यात आहे, तळाला.

तुम्ही मला फसवलंत हे खरंच आहे, त्यातलं अक्षर मी मागं घेत नाही. खोटी बंदूक पोराच्या हाताला चांगली की वाईट, हे तुम्हाला एकदा तरी ठरवायला हवं होतं. चांगली असेल तर मला मारलंत का? वाईट असेल तर त्याच्यापुढं मेलात का? तुम्ही दोन्ही केलंत. वाईट ते माझ्या पदरात टाकलंत आणि मी ते देवाचं समजून घरोघर घेऊन फिरले, लेकाला वाढलं, नातीला वाढायला निघाले. बंदूक उलटी टांगलेली दिसली तेव्हा घरात पोरं दोन होती, आण्णा. तुम्ही एकालाच विचारलंत. माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाहीत. पोरगी कशाला हात लावतेय, हे तुमचं आधीच ठरलेलं होतं.

लावला होता. ते मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, परवा धाकट्याला सांगायची वेळ आली तेव्हाही नाही. त्या कानशिलात मारल्याला पंधरा-वीस दिवस झाले असतील. सगळे वावरात होते, मला भात वाळत घातलं होतं त्याच्या राखणीला ठेवलेलं. भर दुपार. मी पोत्यांवर चढले आणि बंदूक उतरवली. केवढी जड होती. दस्ता काखेत बसेना म्हणून नळी उंबऱ्यावर टेकवली आणि मी मागं पालथी पडले. तुम्ही बांधावरून येत होतात, डोक्यावर गवताचा भारा, तोंड दिसत नव्हतं, नुसती छाती आणि पाय. मी नळी तुमच्यावर धरली आणि तुम्ही आंब्यापर्यंत येईपर्यंत धरून ठेवली. ठासलेली होती की रिकामी, मला आजही माहीत नाही. घोडा मी दोन्ही अंगठ्यांनी मागं ओढला. तो हलला नाही. माझ्या अंगठ्यात तेवढा जोर नव्हता, एवढ्यावरच तुम्ही पुढं तीस वर्षं जगलात. मग मी घाईनं ती वर टांगली आणि नळीची बाजू चुकली. त्या दिवशी नातीनं गोळी मारली तेव्हा काटा आला तो स्पंजाचा नव्हता. तिनं बारीक केलेला डोळा माझ्या ओळखीचा होता.

म्हणजे ती पत्र्याची बंदूक माझी होती. माझ्या हाताला आणली होतीत आणि दुसऱ्याच्या हातात दिलीत. मला मिळाली असती, तुम्ही एकदा माझ्यापुढं पेंढ्यात पडला असता, तर माझ्या आत जे आवळून बसलंय ते तेव्हाच सुटलं असतं का? का आणखी घट्ट झालं असतं? मला खरंच कळत नाही. लेक म्हणतो खेळू दे. माझा हात म्हणतो जाळ. दोघांत शहाणं कोण, ते मी तुम्हाला विचारून ठरवायचे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही. वहीची पानं फाडून त्याच फडक्यात ठेवीन, डब्याच्या तळाला. पण उत्तर मला पाहिजे, आणि उगीच मान डोलवलेली चालणार नाही. ती उलटी टांगलेली बंदूक मी काढली होती हे तुम्हाला कळलं असतं, तर मला दुसरी कानशिलात मिळाली असती की पत्र्याची बंदूक? दसऱ्याला सहा दिवस राहिलेत. त्या दिवशी सकाळी सहाला मी झेंडू घेऊन बसणार. नात शेजारी बसते, फुलं हातात देते. तोवर सांगा, आण्णा, धाकटी माळ ओवू की नको.